रेस, दांडी आणि आमचा नातू

लग्नकार्यात भेटणाऱ्या पाहुण्यांना हल्ली मला दोनच प्रश्न विचारायचे असतात. एक, तब्येत कशी आहे? आणि दोन, नातू काय करतो? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. साखर आहे, गुडघा आहे, चाललंय. दुसऱ्याचं उत्तर दिलं की समोरचा माणूस "अस्सं" म्हणतो आणि जिलबीकडे वळतो. "पुण्यात जुन्या मोटारींच्या दांड्या जुळवतो" हे काही पंगतीत बसून समजावण्यासारखं नाही. म्हणून म्हटलं, इथे एकदा सविस्तर लिहून टाकावं. नातेवाईक मंडळी हे पान वाचतात हे मला माहीत आहे (कळवत नाहीत ही गोष्ट वेगळी!), आणि इतर वाचकांना निदान एका अपरिचित धंद्याची ओळख होईल.

मी मराठीचा मास्तर. विज्ञान शिकवलं नाही आणि मोटार स्वतःची कधी घेतली नाही. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं. पण ज्या गोष्टी लिहितो आहे त्या डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत, आणि जिथे समजलं नाही तिथे नातवाला तीन-तीनदा विचारून घेतलेल्या आहेत.

आधी शब्दांपासून सुरुवात करतो, सवय जात नाही. आमच्याकडे गाडीला 'रेस द्यायची' म्हणतात. "जरा रेस वाढव", "रेस चिकटली", "रेस सोड". पुस्तकातला शब्द ॲक्सिलरेटर, पण काष्टीच्या बाजारपेठेत तो शब्द उच्चारला तर मेकॅनिक आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. पायाखालचं पेडल दाबलं की इंजिन जोरात का फिरतं? पेट्रोलच्या जुन्या गाडीत कार्बोरेटर असतो. त्याच्या नळीत एक गोल पत्रा आडवा बसवलेला असतो. तो उघडला की हवा जास्त आत जाते, तिच्याबरोबर पेट्रोल जातं आणि इंजिन जोर धरतं. ह्या पत्र्याला मेकॅनिक लोक 'बटरफ्लाय' म्हणतात. फुलपाखरू! पंख मिटून उभं राहिलं की वाट मोकळी, पसरलं की बंद. इतकं सुंदर नाव काळ्या ऑइलच्या धंद्यात कुणी ठेवलं असेल?

तर पाय इथे आणि फुलपाखरू तिथे, मध्ये लोखंडी पत्र्याची भिंत. ह्या दोघांना जोडणाऱ्या दांड्या, काटकोनातल्या पट्ट्या, बुश, पिना आणि स्प्रिंगा ह्या सगळ्याला मिळून म्हणायचं लिंकेज. आजच्या नव्या गाड्यांत ते नसतं. तिथे पेडलखाली सेन्सर असतो, तो कॉम्प्युटरला कळवतो, आणि किती उघडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. पाय फक्त अर्ज करतो म्हणा ना. जुन्या गाडीत पायाचा शब्द थेट लोखंडातून पोचायचा.

आमच्या घरात हे लिंकेज मी पहिल्यांदा पाहिलं ते दादांच्या जीपमध्ये. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. त्यांनी १९७१ साली नगरच्या एका लिलावातून जुनी पेट्रोल जीप घेतली. महिंद्रांनी मुंबईत माझगावला १९४९ मध्ये विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, त्याच वंशावळीतली ही, उंच बोनेटची. त्या काळात आमच्या श्रीगोंदे तालुक्यात जीप म्हणजे एक तर सरकारी साहेबाची, नाही तर साखर कारखान्याची. शेतकऱ्याच्या दारात जीप उभी राहिली म्हणून लोक बघायला आले होते. दादांनी तिच्यातून उसाचं बेणं आणलं, खताची पोती आणली, एकदा तर शनिवारच्या बाजारातून कालवडही आणली. आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरचे कितीतरी आजारी तिच्यातून दौंडला पोचवले.

जीपची रेस अशी होती. पेडलपासून एक दांडी पुढच्या पत्र्यातून इंजिनाकडे जायची. तिथे इंजिनाला धरून एक काटकोनी पट्टी होती. तिचं एक टोक दांडीनं ओढलं की दुसरं टोक फिरायचं आणि पुढची छोटी दांडी कार्बोरेटरची पट्टी हलवायची. म्हणजे हालचालीची दिशा बदलायला मध्ये एक दुभाषा. प्रत्येक सांध्यात एक छोटी पिन, आणि ती निसटू नये म्हणून तिच्यात कॉटर पिन. शिवाय डॅशबोर्डावर एक ओढायचं बटण असायचं, हँड थ्रॉटल. त्याची तार वेगळी, पेडलला वळसा घालून थेट इंजिनाकडे जाणारी. उभ्या जीपवर पंप किंवा मळणीचं काम घ्यायचं तर माणसानं पेडलवर पाय ठेवून किती वेळ बसायचं? बटण ओढून ठेवलं की रेस तिथेच राहते. आपल्याकडच्या जुन्या फियाटलाही असं बटण होतं, ज्यांनी चालवली असेल त्यांना आठवेल.

ह्या बटणाची एक गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, पण पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवतो. १९७४ चा पावसाळा. आमच्या मंडळींना रात्री अकराच्या सुमारास कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. सुईण म्हणाली, मूल आडवं वाटतंय, माझ्या हातात नाही, दौंडला न्या. दादांनी जीप काढली. मागे आई, वहिनी आणि ही, पुढे मी कंदील घेऊन. गाव सोडून थोडं पुढे गेलो आणि खड्ड्यात आदळलो, तसं पेडल एकदम मऊ पडलं. दाबलं तरी इंजिन आपलं तसंच, भुरभुर. एका सांध्यातली पिन पडली होती. पावसात, काळोखात, चिखलात ती कुठे शोधणार? दादा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी डावा हात डॅशबोर्डावर नेला, ते बटण ओढलं आणि हातानं रेस देत गाडी चालवायला लागले. गिअर बदलायचा तर बटण आत ढकलायचं, क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, परत बटण ओढायचं. भीमेचा पूल त्यांनी असा ओलांडला. पहाटे चारला आमचे चिरंजीव जन्मले. दिवस उजाडल्यावर दादांनी दवाखान्याच्या अंगणात वहिनींकडून केसातली एक पिन मागून घेतली, ती वाकवून त्या सांध्यात घातली आणि आम्ही घरी आलो. ती केसातली पिन पुढे कैक महिने तिथेच होती.

हे चिरंजीव म्हणजे आमच्या नातवाचे वडील. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

दांड्यांचा दुसरा एक गुण मला दादांनी दाखवला होता. जीप पहिल्या गिअरात सोडताना कधी कधी हुंदके दिल्यासारखी उड्या मारत जायची. नवीन माणसाला वाटायचं, क्लच चुकला. दादा म्हणायचे, इंजिन रबरावर बसवलेलं आहे, जोर पडला की ते हलतं. पेडल बसवलंय बॉडीवर आणि काटकोनी पट्टी इंजिनावर. इंजिन हललं की दांडी आपोआप ओढली जाते, रेस वाढते, इंजिन आणखी हलतं, मग परत येतं, रेस कमी होते. पाय जागचा हललेला नसतो, तरी गाडी हुंदके देते. रबर झिजलं की हा आजार बळावतो. म्हणजे दोष रबराचा आणि बोलणी खातो ड्रायव्हर. शाळेत तीस-पस्तीस वर्षं काढल्यामुळे मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं. असो.

जीप आता गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. दादा गेल्यानंतर ती फारशी हलली नाही. पण आमच्या नातवाचं बालपण त्या शेडमध्ये गेलं. बाकीची मुलं क्रिकेट खेळायची, हा जीपखाली झोपलेला. बारा वर्षांचा असताना त्यानं मला विचारलं होतं, "आबा, पेडल सोडल्यावर परत वर कोण आणतं?" मी म्हटलं, स्प्रिंग. तर म्हणे, "आणि स्प्रिंग तुटली तर?" मला उत्तर आलं नाही. दादांनी त्याला बोनेट उघडून दाखवलं असतं, पण ते तोवर गेलेले होते.

पुढे त्यानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागला. बसनं नेणार, बसनं आणणार, कँटीन, युनिफॉर्म, पीएफ. घरात पेढे वाटले. दोन वर्षं अकरा महिने नोकरी केली आणि एक दिवस घरी येऊन सांगितलं की सोडली. का? तर दिवसभर एकाच मशीनपुढे उभं राहून एकच भाग उचलायचा आणि ठेवायचा, त्यात शिकण्यासारखं दुसऱ्या आठवड्यानंतर काही उरलं नव्हतं. पुण्यात जुन्या मोटारी दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांच्या हाताखाली हा राहिला. पगार कारखान्याच्या निम्मा.

चिरंजीव संतापले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आणि ते मी इथे त्यांच्या बाजूनं नीट मांडतो, कारण ते चुकीचं आहे असं मला आजही म्हणवत नाही. शेती साडेतीन एकर. उसाचे पैसे कधी येतील त्याचा भरवसा नाही. कायम नोकरी सोडून गॅरेजमध्ये जाणं म्हणजे आपल्या बापानं आणि चुलत्यानं जे काही वर काढलं ते परत खड्ड्यात घालणं. त्यात गेल्या वर्षी एक स्थळ आलं. मुलगी शिकलेली, घर चांगलं, पत्रिका जमली. पुण्याला जाऊन मुलगा पाहून आले. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "मुलगा चांगला आहे, पण गॅरेजमध्ये आहे." आमच्या भागात सध्या मुलांची लग्नं जमणं किती अवघड झालंय हे सांगायला नको. नोकरी नसलेला, शेती करणारा, गॅरेजवाला ह्यांना रांगेत शेवटी उभं केलं जातं. त्या निरोपानंतर बापलेकांचं बोलणं बंद झालं. सणाला नातू आला तरी दोघं एका ताटलीतलं वेगवेगळ्या वेळी जेवायचे. सूनबाई मधल्या मध्ये.

तेव्हा मी ठरवलं, आपण जाऊन बघून यायचं. आयुष्यभर पालकांना सांगत आलो की मुलाची वही न बघता त्याच्यावर शेरा मारू नका. मग नातवाची वही बघायला नको का? मार्चमध्ये सकाळच्या गाडीनं पुण्याला गेलो.

गॅरेज म्हणजे पत्र्याची मोठी शेड. आत एक फियाट, एक ॲम्बेसेडर, दोन जीप, आणि मधोमध एक लांबलचक निळी अमेरिकन गाडी, १९६० च्या दशकातली डॉज डार्ट. त्या काळात परदेशी वकिलातीतल्या साहेबांच्या मोटारी सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. हौशी आणि पैसेवाले लोक त्या घेत. अशाच वाटेनं आलेल्या गाड्या अजून कुणाकुणाकडे आहेत. ह्या डॉजला क्लचच नाही. गिअर आपले आपण पडतात. नाव टॉर्कफ्लाइट, तीन गिअरांचा बॉक्स. आणि नातवाचं सध्याचं काम त्याच्याशी निगडित होतं.

इथून पुढचं जरा लक्ष देऊन वाचा, कारण सगळी गंमत इथे आहे.

आपोआप गिअर बदलणाऱ्या ह्या बॉक्सला कळतं कसं की आता बदलायला हवा? त्यात कॉम्प्युटर नाही, वीजही नाही. सगळा कारभार ऑइलच्या दाबावर. एका बाजूनं एक दाब येतो, तो गाडीच्या वेगाबरोबर वाढतो. दुसऱ्या बाजूनं दुसरा दाब येतो, तो पेडल जितकं दाबाल तितका वाढतो. दोघांच्या मध्ये एक व्हॉल्व्ह. वेगाचा दाब जिंकला की वरचा गिअर पडतो. पायाचा दाब जिंकला की गाडी खालच्याच गिअरात राहते. आमच्या काष्टीच्या जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं धरून सौदा होताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच कळेल. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. आत एकानं बोट दाबलं, दुसऱ्यानं सोडलं, आणि बैलाचा दोर एकदम दुसऱ्याच्या हातात गेलेला दिसतो.

आता पुढे ट्रक आहे, ओव्हरटेक करायचा आहे. तुम्ही पेडल एकदम तळापर्यंत दाबता. त्या शेवटच्या टप्प्याला व्हॉल्व्ह मागे ढकलला जातो आणि गाडी स्वतःहून खालचा गिअर घेते, इंजिन गर्जना करतं आणि गाडी उसळी मारते. ह्याला म्हणतात किकडाउन. ऊस भरलेली बैलगाडी चढाला लागली की बैल मान खाली घालून आखूड आखूड पावलं टाकायला लागतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे बैलाला सांगणारी एक दांडी असते.

ती दांडी म्हणजे आमच्या नातवाचा सध्याचा विषय. कार्बोरेटरपासून एक दांडी खाली गिअरबॉक्सपर्यंत जाते. पायानं फुलपाखरू किती उघडलं, ते ती गिअरबॉक्सला सांगते. आणि सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं, हे नातवानं मला मुद्दाम समजावलं. काही गाड्यांत ही दांडी फक्त किकडाउनपुरती असते. बाकीचं काम इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतं. तिथे दांडी नसली तर उसळी मिळणार नाही, एवढंच. काही गाड्यांत तर दांडीऐवजी विजेचा खटका असतो. पण टॉर्कफ्लाइटमध्ये हीच दांडी गिअरबॉक्सच्या आतला एकूण दाब ठरवते. इंजिन जोर लावत असेल तेव्हा आतल्या क्लचच्या प्लेटा घट्ट धराव्या लागतात. दांडीनं निरोप दिलाच नाही, तर बॉक्सला वाटतं ड्रायव्हर आरामात चाललाय. दाब कमी राहतो, प्लेटा घसरतात, आणि घसरून घसरून जळतात.

ह्या डॉजचं नेमकं तेच झालं होतं. आधी कुठल्याशा वर्कशॉपमध्ये तिचा मूळ कार्बोरेटर काढून दुसराच बसवला होता. मूळ दांडी नव्याला बसेना. मग ती सुटी ठेवली आणि वाजू नये म्हणून तारेनं एका बाजूला बांधून टाकली. मालक खूष होते, कारण गिअर अगदी लोण्यासारखे मऊ आणि लवकर पडत. चाचा म्हणाले, "मास्तर, तो मऊपणाच रोग होता." ऑइल तपासलं तर ते लाल असायला हवं, ते तपकिरी झालेलं आणि करपल्याचा वास. बॉक्स उघडून प्लेटा बदलाव्या लागल्या, त्या अमेरिकेहून मागवल्या. ते काम चाचांनी केलं. दांडी जुळवण्याचं नातवाकडे दिलं.

वाटतं तितकं ते सोपं नाही. दांडी लांब-आखूड करायला तिच्यावर आटे असतात, नट फिरवला की झालं, असं मीही समजलो होतो. नातवानं वही काढली. (खरीच वही, चौकटीची!) कार्बोरेटरची पट्टी फिरते ती एका खुंटाभोवती. बंद ते पूर्ण उघडं ह्यात समजा ७५ अंश फिरते. दांडी ज्या भोकात अडकवली आहे ते खुंटापासून ३० मिलिमीटरवर असेल तर दांडी सुमारे ३६ मिलिमीटर सरकेल. भोक २४ मिलिमीटरवर असेल तर फक्त २९. "आबा, वर्तुळाची जीवा. दहावीला होती." म्हणजे दांडीची लांबी कितीही बदला, सुरुवातीची जागा बदलेल, पण प्रवास तेवढाच राहील. भोक जवळ असेल तर पाय तळाला गेला तरी गिअरबॉक्सची पट्टी शेवटपर्यंत पोचणार नाही. भोक फार लांब असेल तर गिअरबॉक्सची पट्टी आधीच टेकेल आणि फुलपाखरू अर्धवट उघडून अडेल, शिवाय जोर लावला तर दांडी वाकेल. दोघांनी सुरुवातीला एकत्र निघायचं आणि शेवटाला एकत्र पोचायचं. त्यासाठी त्यानं लोखंडी पट्टी कापून, तीन वेळा वेगवेगळ्या जागी भोक पाडून, नवीन पट्टी बनवली होती. पहिल्या दोन टेबलावर पडलेल्या होत्या. त्यांतली एक मी मागून आणली आहे.

मग जुळणी तपासायची वेळ आली. हे काम एकट्यानं होत नाही. एकानं पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं बोनेटखाली बघायचं. चाचा बॉक्सखाली झोपलेले, दुसरा पोऱ्या चहाला गेलेला. नातू म्हणाला, "आबा, बसता का?"

मी त्या लांबरुंद निळ्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. इंजिन बंद. आधी त्यानं माझ्या पायाखालची रबरी मॅट काढून घेतली. मॅट जाड असली तर पेडल तिच्यावर टेकतं आणि आपल्याला वाटतं तळ आला. तिकडे त्यानं एअर फिल्टर काढला आणि टॉर्च कार्बोरेटरच्या तोंडात धरला.

"दाबा, आबा. सावकाश. अजून. अजून. पूर्ण."

मी गुडघ्याला न जुमानता पूर्ण दाबलं.

"फुलपाखरू उभं झालं. चाचा, खाली?"

खालून आवाज आला, "दोन सूत बाकी."

"सोडा, आबा."

नट फिरवला. परत दाबा. परत सोडा. असं मी मोजून चौदा वेळा केलं. मधे एकदा तो म्हणाला, "आता एकदम सोडा, पाय झटकन उचला." मी उचलला. खट् असा आवाज झाला आणि सगळं जागेवर आलं. परत दाबायला लावलं, परत सोडायला. त्यानं ते दहा वेळा तरी पाहिलं. त्याच्या मते पूर्ण दाबलं जाणं महत्त्वाचं आहेच, पण पूर्ण परत येणं त्याहून महत्त्वाचं. गाडी कमी धावली तर मालक ओरडेल. रेस चिकटून राहिली तर मालक ओरडायला राहणार नाही. म्हणून तो स्प्रिंगा दोन लावतो, कार्बोरेटरला एक, दांडीला वेगळी एक. आणि प्रत्येक सांध्यात नवीन कॉटर पिन. जुनी सरळ करून परत घालायची नाही, हा चाचांचा नियम. मला वहिनींची केसातली पिन आठवली, पण मी ते बोललो नाही.

संध्याकाळी चाचांनी गाडी बाहेर काढली. मी मागे बसलो, नातू पुढे. मोकळा रस्ता आल्यावर चाचांनी पेडल तळाला टेकवलं. गाडी क्षणभर थबकली आणि अशी झेपावली की माझी टोपी मागच्या काचेवर गेली. नातू हसला नाही. तो मान तिरकी करून ऐकत होता. परत आल्यावर त्यानं वहीत दोन ओळी लिहिल्या आणि आणखी अर्धा आटा फिरवला.

आता प्रश्न पोटाचा. ह्यावर पुढे जगता येईल का? मी चाचांना सरळ विचारलं. ते म्हणाले, काम आहे, हात नाहीत. ॲम्बेसेडर २०१४ साली बंद झाली, पद्मिनी तर त्याच्या किती आधी. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची गेली. जशा गाड्या कमी होतात तसं उरलेल्यांचं मोल वाढतं. त्यात केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी नियम केले. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली खासगी गाडी असेल तर तिची वेगळी नोंदणी होते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंतर पुन्हा करायला ५,०००. रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेंना नेता येते. म्हणजे आता मालकांना गाडी जशी होती तशीच हवी आहे. ते करून देणारा माणूस हवा. ह्यात सगळं गोड आहे असं नाही. पगार अजून थोडा आहे, पीएफ नाही, चाचांचं वय झालं आहे आणि शेडची जागा भाड्याची आहे. मी हे सगळं जसंच्या तसं घरी येऊन सांगितलं.

चिरंजिवांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि मोटार चालू करायला विहिरीवर गेले. आठ दिवस काही नाही. मग एका रात्री जेवणं झाल्यावर माझ्या खाटेपाशी येऊन बसले. मी आणलेली ती टाकाऊ पट्टी खिडकीत होती. ती हातात घेऊन फिरवून पाहिली. मोठं भोक, लहान भोक, कानशीनं घासलेल्या कडा. म्हणाले, "ह्याचं नक्की काय होतं?" मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर चित्र काढलं. पाय, पेडल, दांडी, फुलपाखरू, खाली गिअरबॉक्स. जीवेचा हिशेबही मांडला. त्यांना यंत्रातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, पंप आणि ट्रॅक्टर ते स्वतःच खोलतात. बराच वेळ पाहत होते. मग बोट ठेवून म्हणाले, "स्प्रिंगा दोन कशाला? एका भक्कम स्प्रिंगमध्ये भागेल की."

मला उत्तर ठाऊक होतं. पण मी म्हटलं, "ते मला नाही नीट सांगता येणार. त्याला विचार. आणि विचारशील तेव्हा आपल्या शेडमधल्या जीपलाही दोन लावता येतात का तेही विचार."

ते उठून ओट्यावर गेले. फोनवर बोलल्याचा आवाज येत होता. कुणाशी, ते मी विचारलेलं नाही. पण काल दुपारी शेडचं दार उघडं दिसलं आणि जीपवरची ताडपत्री काढून घडी करून ठेवलेली होती.

तर पाहुणे मंडळी, पुढच्या कार्यात नातू काय करतो हे विचारू नका, आता तुम्हाला ठाऊक आहे. विचारायचंच असेल तर, कुणाच्या पाहण्यात चांगली मुलगी आहे का, तेवढं कळवा. मुलगा गॅरेजमध्ये आहे हे तिला आधीच सांगून ठेवा.